लेबल

सावला मेडिकलचा पोऱ्या
पावडरीच्या दुधाचा डबा वर्तमानपत्रात गुंडाळतो,
दोरा मारतो, काउंटरवरून अलगद सरकवतो,
जसं बायकांचं बाकीचं काहीबाही.
मी सांगितलेलं नसतं.
त्याला ठाऊक असतं.

घरी सासूबाई लेबल सोलतात.
कोमट पाण्यात तासभर भिजवून, नखानं,
आल्यागेल्याचं लक्ष जायला नको.
मग त्यात रवा, पोहे, तूरडाळ.
फळीवर आता नऊ नागडे डबे,
दहावा खिडकीत वाळतोय.
ठोंबरेकाकू तरी मोजतातच.
"आळिवाचे लाडू दिले होते ना मी?
शतावरी घेतेस का? मन लावून पाजतेस का?
आमच्या वेळी एकेका अंगावर दोन-दोन वाढली."
हो काकू, म्हणते मी,
आणि ब्लाउजवर दोन ओले ठिपके उमटतात
नेमके तेव्हाच, पोरगी झोपलेली असताना.

येत नाही असं नाही. पुरत नाही.
हे वाक्य मी लिफ्टमध्ये बोललेय,
बारशाच्या पंगतीत बोललेय,
नणंदेच्या दिरापुढे बोललेय.
त्याने विचारलं होतं, "वहिनी, आईचंच ना?"
आणि मग चिवड्यातले शेंगदाणे वेचायला लागला.

मी पतपेढीत असते. भांडुपला, तीन नंबरच्या खिडकीवर.
लग्नाआधीची गोष्ट, मार्चअखेर.
बाकावर एक बाई बसली होती,
टोकन एकेचाळीस,
आडपडदा काही नाही, नुसतं पोर आणि ती.
रांगेत कुणी घसा खाकरला.
कुणी भिंतीवरचे व्याजदर वाचायला घेतले,
मुदत ठेव, ज्येष्ठ नागरिक, पुन्हा मुदत ठेव.
साहेबांनी केबिनमधून माझ्याकडे बघितलं.
माझ्याकडेच, कारण मी बाई.
मी काचेच्या भोकातून म्हटलं,
"अहो, इथे नको. आत जाऊन पाजा."

आत म्हणजे रेकॉर्ड रूम.
तिने पोर तोंडातून सोडवलं.
ते रडलं, ती गेली.
एकेचाळीस, एकेचाळीस, मी दोनदा पुकारलं.
मग बेचाळीस.

आता त्याच खोलीत मी.
सकाळी पावणेबारा, दुपारी साडेतीन.
कडी तुटलेली, म्हणून दाराला खुर्ची,
खुर्चीवर चौऱ्याण्णव सालची खतावणी.
पंप कण्हतो. भिंतीवरचं झुरळ मिशा हलवतं.
माने शिपाई बाहेरून,
"मॅडम, त्या जामीनदारांची फाइल हवीय."
सकाळी चाळीस मिली. दुपारी पंचवीस.
मी बाटलीवर तारीख घालते, सही करता करता थांबते.
ऑफिसच्या फ्रिजवर नवी चिठ्ठी आहे,
"चहाच्या दुधाशेजारी इतर काही ठेवू नये."
इतर काही, डब्यात, डबा पिशवीत,
पिशवी भाजीच्या पिशवीत.

परवा पंप लावून बसले असताना सुचलं,
ही खुर्ची तर मी बाहेरून आणलीय.
इथे बसायला काहीच नव्हतं.
गठ्ठे छताला टेकलेले, जमिनीवर वाळवीची माती.
म्हणजे ती उभी राहिली असणार.

खातं शोधलं. सुगंधा बारक्या वरठा.
शिल्लक सहाशे बारा रुपये.
फेब्रुवारीत दोनशे भरलेले.
मार्चची नोंद नाही.
त्यानंतरची एकही नाही.
पत्ता आहे, पाड्याचं नाव आहे.
मी कागदावर उतरवून घेतला,
कागद पर्समध्ये आहे अजून.
जाऊन काय सांगणार होते मी?

रात्री सासूबाईंनी पातेल्यात पाणी कोमट केलं.
मी म्हटलं, हा राहू द्या.
त्यांनी माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं,
गॅस बंद केला.
दुसऱ्या दिवशी ठोंबरेकाकू आल्या,
चष्मा लावून लेबल वाचलं,
अगदी खालच्या बारीक अक्षरांपर्यंत,
आणि विचारलं, "यात काय ठेवलंयस गं?"
मीठ, म्हटलं.
चमचा त्यातलाच आहे.