अर्धा फेरा

खड्ड्यातून मला माणसं दिसत नाहीत,
गाड्यांची पोटं दिसतात.
वर पाटी: बारा मिनिटांत ऑइल, नाहीतर पैसे परत.
कुणाच्या पगारातून, ते पाटीवर नाही.

आज एकतीस गाड्या.
तेविसावी निळी,
मागच्या चाकाशी मक्याची पात अडकलेली.
काळं तेल गळलं, फिल्टर बसला,
बोल्ट बोटांनी फिरवला
आणि पान्याकडे हात नेला तेवढ्यात
वरून रस्टीची आरोळी,
"कोल्बी, झालं का?"
"झालं," म्हणालो.

मग एका बाईचं हसणं ऐकू आलं.
उद्या पहाटे पाचला लिंकनला निघायचंय म्हणाली,
लेकीकडे, पंच्याण्णव मैल.
"किती पटकन केलंत हो!"

आता रात्रीचे दोन.
नखांतलं काळं घासून जात नाही.
पाना उचलला होता का मी?
मनगटाला विचारून बघतो:
त्याला बाविसावीचा ताण आठवतो,
चोविसावीचा तर चांगलाच, गंजलेला बोल्ट होता.
मधे नुसतं
"झालं".

पावतीवर तिचा फोन असेल.
पावत्या ड्रॉवरमध्ये, किल्ली रस्टीकडे,
दुकान उघडतं आठला.

नेब्रास्काभर अंधार.
कुठल्याशा गॅरेजच्या फरशीवर, कदाचित,
एक थेंब.
त्याला कसलीच घाई नाही.