जरा हललेला फोटो

मॉर्वेना म्हणाली, फोटो जरा हलू दे.
कडेला चहाच्या कपाचा डाग येऊ दे,
कुणीतरी घाईत, टेबलाखालून काढल्यासारखा.
मी सात काढले. सहा फार चांगले आले,
ते पुसले.

रेडिंगच्या बाहेर, मोटरवेला लागून आमची इमारत.
शेजारी एकच पवनचक्की, वारा नसला की
चुकून लवकर आलेल्या पाहुण्यासारखी उभी.
आत, दुसऱ्या मजल्यावर, आमचा कान:
बोराएवढा, राखाडी,
गोंगाटातून एकच आवाज वेचून देणारा.
म्हणजे देईल. सध्या वीस मिनिटांत तापतो.

आमच्याकडे तिसरा महिना सरेपर्यंत
कुणाला सांगत नाहीत, दृष्ट लागते.
इथे अजून धड पोटातसुद्धा नाही
आणि बारशाची आमंत्रणं.

का, म्हणून एकदा विचारलं होतं कॅन्टीनमध्ये.
भाजलेल्या बटाट्याचं साल सोलत मॉर्वेना म्हणाली,
समोरच्यांचा सप्टेंबरात येतोय.
लोकांचा हात पाकिटाकडे निघालेला असतो,
तो खिशातच थांबवायचा. एवढंच.
शिवाय किंमत. तीनशे पौंड म्हणून सोडून बघायचं.
फार ओरडले, तर अफवा होती.
नाही ओरडले, तर किंमत.

बाजारात तुरी, मी मनात म्हटलं.
तिला समजवायचं तर
तुरीपासून सुरुवात करावी लागली असती.

मंगळवारी फुटला.
मराठीत बरंच काही फुटतं:
पेपर, बिंग, घाम, पालवी.
हे त्यातलं कुठलं, मला अजून ठरवता आलेलं नाही.
संध्याकाळपर्यंत शेअर चार टक्के वर,
आणि आमचं अधिकृत उत्तर:
अफवांवर आम्ही बोलत नाही.

मग चौकशी. ती करावीच लागते,
नाहीतर चोरी खरी वाटत नाही.
सुरक्षा विभागाचा डेझमंड वही घेऊन
टेबलाटेबलापाशी थांबला.
माझ्याशी हवामानावर बोलला.

सापडला टोबी पेनफोल्ड. साचे विभाग, वय तेवीस.
फोटो त्याने काढलाच नव्हता.
फक्त आईला सांगितलं होतं, स्विंडनला,
रविवारच्या जेवणात, तिच्या बऱ्या कानाशी वाकून:
दुसरं काही घेऊ नकोस, थांब थोडी,
आम्ही करतोय काहीतरी.
आणि ती चर्चमध्ये शेजारणीच्या कानात कुजबुजली
सगळ्या बाकांना ऐकू जाईल अशी,
कारण आपला आवाज केवढा
हे तिला कळत नाही.

नियम म्हणजे नियम.
शुक्रवारी त्याने खोक्यात भरले
मग, सायकलचा पंप, एक निवडुंग.
लिफ्टपाशी मला विचारलं,
वीस मिनिटांचं झालं का काही पुढे?

त्याचं ओळखपत्र आता गळ्यात नव्हतं.
डेझमंड पाठमोरा होता.
मी बटण दाबलं, आणि दार उघडेपर्यंत
हळूच म्हणाले,
बत्तीस.