थेंब पडेपर्यंत

कुओपिओत सकाळचे सात, खिडकीत अजून रात्रच.
तुओवी ११२च्या खुर्चीतून उठते, हेडफोन काढते.
डाव्या कानाची पाळी लाल झालेली.

रात्रभर ती एकच सांगत होती –
बर्फात उलटलेल्या गाडीतल्या माणसाला,
नवऱ्याची छाती दाबत राहिलेल्या बाईला,
आई उठत नाही म्हणणाऱ्या पोराला :
श्वास घ्या. घे, बाळा. मी इथंच आहे.

पार्किंगमध्ये गाडीची काच खरवडायचंही त्राण नाही.
पर्समध्ये पाइनच्या तेलाची बाटली,
बहिणीनं दिलेली. थकव्यावर, म्हणाली होती,
आणि ही हसली होती.

बाटली उपडी धरते रुमालावर.
तेल गारठलंय, थेंब सुटता सुटत नाही.
ती वाट बघते,
कितीतरी तासांत पहिल्यांदा
कुणीही मरत नसताना.

मग तो पडतो.
वास हवा तर आत ओढावाच लागतो श्वास,
एवढी साधी गोष्ट.
बरगड्यांत कुठंतरी कडी निघते.

तेलानं थकवा जातो का, तिला ठाऊक नाही.
रुमाल नाकाशी धरून
ती स्वतःलाच, कामावरच्या आवाजात, म्हणते :
हं. आता सोडा.