डबी क्रमांक एकोणचाळीस

कॅप्सूल भरायचं यंत्र माझ्याकडे.
युवास्क्यूलाच्या विद्यापीठात, तळघरातल्या फार्मसीत,
जिथून तळं दिसत नाही,
नुसती त्याची ओल भिंतीला लागते.
एका ताटात हिरव्या कॉफीचा अर्क,
दुसऱ्यात तांदळाची पिठी.
कवच दोन्हींचं तपकिरी, एकाच कारखान्याचं,
वासावरून कळू नये म्हणून
दोन्हींत व्हॅनिलाचा चुटपुटता थेंब.
ब्याण्णव डब्या.
कुणात काय, ते डॉक्टरांना माहीत नाही,
घेणाऱ्यांना माहीत नाही,
मला माहीत,
आणि माझ्या कपाटातल्या त्या लिफाफ्याला.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
माझी चौदा आठवडे झाकलेली.
बोटं आखडतात.

एकोणचाळीस म्हणजे आउलिक्की.
नाव मला कळायला नको होतं,
पण गाव लहान, आणि सौनात माणसं बोलतात.
कागदगिरणीत क्रेन चालवायच्या,
एकतीस वर्षं उंचावर, बसून.
दर मंगळवारी त्यांना सायकलवर चढवायचे,
तोंडावर मुखवटा, मुखवट्याला नळी,
नळीतून श्वासाचा हिशेब कागदावर.
मग काटा.
मापात पाप नको म्हणून
मोजेसुद्धा काढायला लावायचे.

वरच्या बाकावर घाम पुसत त्या म्हणाल्या,
"त्या गोळीत दम आहे बरं का.
मी हल्ली पुलाच्या अलीकडेच बसमधून उतरते.
तळं गोठलंय, तरी चालत येते."
मी तापल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं.
वाफेत चेहरा लपतो, ते एक बरं.

त्यांच्या डबीत पिठी होती.

आणि सतरा नंबरचे कालेर्वो, त्यांच्या डबीत अस्सल अर्क,
ते दोन किलोंनी वाढले.
त्या हिवाळ्यात त्यांची बायको तुर्कूला बहिणीकडे गेली
ती परत आली नाही.
तक्त्यात तसला रकाना नव्हता.
"आहारात बदल?" यापुढे त्यांनी लिहिलं होतं :
सॉसेज.

आता कबूल करते.
उरलेल्या अस्सल कॅप्सूल नष्ट करायच्या होत्या,
सहीनिशी, दोन साक्षीदारांसमोर.
त्याआधी अकरा दिवस मी त्या घेतल्या.
मी! जिने पिठी चाळली होती स्वतःच्या हातांनी.
कमरेचा पट्टा एक भोक आत गेला.
पण त्याच अकरा दिवसांत
लाजेपायी मी रात्रीचं चीज सोडलं होतं,
तेव्हा पट्टा कुणाच्या बाजूने साक्ष देतो
हे पट्ट्यालाच ठाऊक.
एका माणसाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे,
हे वाक्य आमच्या दारावर चिकटवलेलं आहे.
मी त्याखालूनच रोज डबा घेऊन आत यायची.
मोजणीत मात्र ती भर पडली. नष्ट केल्या : एकशे चार.
असायला हव्या होत्या एकशे सव्वीस.
साक्षीदारांनी वाचलं नाही.

मे महिन्यात लिफाफा फुटला.
अर्कवाले पिठीवाल्यांपेक्षा
सरासरीने चारशे ग्रॅम हलके.
चारशे ग्रॅम म्हणजे इथल्या राय पावाची एक लादी.
पण खरा फरक कदाचित दीड किलो,
कदाचित उलटा, सातशे ग्रॅम जास्तच,
आणि त्या दोन टोकांच्या आत
शून्य आरामात पाय पसरून बसलेलं.
सायकलवर दम टिकला, तो नऊ सेकंद अधिक.
नऊ सेकंदांत माणूस बुटाची नाडीही बांधत नाही.
कंपनीने पत्रकात लिहिलं, "आशादायक कल."

सगळ्यांना पत्रं गेली : तुम्हाला काय मिळालं होतं ते.

आउलिक्की तळघराच्या पायऱ्या उतरून आल्या,
पहिल्यांदाच, रेलिंग न धरता.
चार किलो सहाशे ग्रॅम उतरलेल्या, हातात पत्र.
मला वाटलं, भांडणार.
त्यांनी पत्र टेबलावर ठेवलं, माझ्या चाळणीशेजारी,
आणि विचारलं,
"मग पुलावरून कोण चालत येत होतं?"

माझ्याकडे याला आकडा नव्हता.
मी विचारलं, कॉफी घेणार?
साधी, भाजलेल्या बियांची.
म्हणाल्या, घेईन. साखर दोन चमचे.
मी दोनच घातले. मोजून.