हातचा

तिसऱ्या कप्प्यातला दिवा रात्री दोन दहाला पिवळा झाला.
बाहेर तार्तू शहरात उणे एकोणीस,
आत बारमाही तोच कोरडा वारा, पंख्यांचा तोच घोंगाट,
आणि चौदाव्या कपाटात पाचांपैकी एक डिस्क
काही न बोलता गेली.

हेल्दुर झोपलेला असणार. उठवलं नाही.
त्यानेच शिकवलं होतं पहिल्या आठवड्यात,
कॉफीचा डाग पडलेल्या पावतीच्या पाठीवर:
चौघींकडे आकडे, पाचवीकडे बेरीज,
आणि बेरीज सांभाळायची पाळी दर ओळीला बदलायची,
म्हणजे कुणी एकटीच शहाणी ठरत नाही.
एक गेली, तर उरलेल्या आपापलं सांगतात
आणि वजाबाकीत गेलेली सापडते.
"पण एकच. दुसरी गेली तर मला फोन करू नकोस,
देवाला कर."
मग पेन्सिल कानामागे खोचत:
"आणि ही बेरीज बिनहातच्याची, काइदी.
एक आणि एक, शून्य. पुढे काही नेत नाही."

मी ती ओढून काढली. कोमट होती अजून.
नवी सरकवली. पडद्यावर टक्का: शून्य.
अंदाज: अकरा तास.

तेवढ्यात कुठल्याशा बेटावरून कुणी लोकरीचे हातमोजे मागवले,
वाल्गाच्या दंतवैद्याकडे कुणी सोमवारची वेळ घेतली
(रात्री तीनला! दाढ असणार),
आणि गेलेल्या डिस्कवरचं पान कुणी मागितलं
की चौघी ते तिथल्या तिथे मांडून द्यायच्या,
थोड्या धापा टाकत.
मागणाऱ्याला वाटलं असेल, आज नेट जरा हळू आहे.

मी मात्र चौघींचे आवाज ऐकत बसले.
पाचही एकाच खोक्यातून आल्या होत्या,
एकाच आठवड्यात घडलेल्या,
एकाच वर्गातल्या मुलींसारख्या.
एकीच्या अंत्ययात्रेला बाकीच्या जमल्या
की प्रत्येकीच्या मनात जे येतं
ते यांच्या मनात येत असेल का?
पाळी सकाळी सहाला संपली. मी थांबले.
दुपारी दीडला दिवा हिरवा.
कुणालाच काही कळलं नाही,
आणि आमच्या धंद्यात शाबासकी म्हणतात ती हीच.

गुरुवारी लेइदा पिह्लाक यांचा फोन.
नवरा, आर्वेद, तीस वर्षं दलदलीत उभा राहून
पक्ष्यांचे आवाज टिपायचा. आता नाही.
आवरता आवरता त्यांनी सगळंच पुसलं होतं.
यंत्राने दोनदा विचारलं, त्या दोनदा हो म्हणाल्या.
"पण तुमच्याकडे तर पाच आहेत ना?"

आहेत.
पाचहींनी एका क्षणात, अगदी चोख, विसरून टाकलं.
बेरीजसुद्धा बिनचूक जुळली.
दार तुटलं तर त्या घर सावरतात, बाई;
मालकिणीनेच उघडलं
तर वाट अडवत नाहीत.
हे मी मनात म्हटलं. फोनवर म्हटलं, थांबा.

हेल्दुरने कोट चढवला.
पाइदेला, जुन्या दूध डेअरीच्या तळघरात
रविवारची प्रत असते:
भिंत वेगळी, वीज वेगळी, कुलूप वेगळं,
आणि रोजच्या घाईशी काही देणंघेणं नाही.
"हा हातचा," तो म्हणाला,
आणि काचेवरचा बर्फ खरवडायला गेला.

रविवारपर्यंतचं सगळं आलं. करकोचे, टिटव्या,
मध्येच आर्वेदचं खोकणं.
सोमवार, मंगळवार, बुधवार नाही:
तीन संध्याकाळी बसून त्यांनी प्रत्येक आवाजापुढे
पक्ष्याचं नाव लिहिलं होतं, ते गेलं.
मी चाचरत सांगितलं.
पलीकडे किटलीचा आवाज. मग,
"नावं मला येतात."

मेलेली डिस्क माझ्या टेबलावर आहे.
नियमाप्रमाणे तिला भोक पाडायचं.
तिला जे ठाऊक होतं ते चौघींनी जमवून
नवीला सांगितलंय, अक्षर न अक्षर;
हिच्यात आता वेगळं काही नाही.
तरी ड्रिल मी आज उचललं नाही.