हुल्दिसचा मफलर

वार्डोच्या बंदरावर मे महिन्यात सूर्य मावळायचं विसरतो
आणि जुलै सरेपर्यंत त्याला कुणी आठवण करून देत नाही.
लोक मध्यरात्री बोटी रंगवतात.
हुल्दिस खिडकीला ताडपत्री ठोकते,
फटींत लोकर कोंबते,
तरी सुईच्या टोकाएवढा उजेड आत येतोच
आणि तिच्या उजव्या डोळ्यामागे जाऊन बसतो.

माझ्याकडे आली ती मात्र जानेवारीत.
सुरुवात कशी होते, विचारलं.
म्हणाली, आधी जांभया.
मग कारखान्यात मासा कापताना अर्धाच मासा दिसतो.
उरलेल्या अर्ध्यात चकाकत्या, वाकड्या रेघा.
वीस मिनिटं. त्यानंतर घण.
मुकादम म्हणतो, डोकं काय सगळ्यांचंच दुखतं.

बोलताना तिने कपाळावर आडवा हात धरला होता.
मी उठून ट्यूबलाइट बंद केली.
त्या दिवशी माझ्या हातून झालेला
तेवढाच खरा उपचार.

घरी न्यायला तक्ता दिला:
तारीख, तास, झोप, पाळी, गोळी.
मेच्या सुरुवातीला ती आली, तक्ता कोराच.
"अक्षरं हलतात हो," म्हणाली,
आणि पिशवीतून एक मफलर काढला.

एका दिवसाची एक ओळ.
राखाडी म्हणजे बरा दिवस.
लाल म्हणजे डोकं उठलेला.
गोळी घेतली की काठाला एक पिवळा टाका.

टेबलावर पसरला तर टेबल पुरेना,
दुसरं टोक तिने मांडीवर धरलं.
मी बोटाने ओळी मोजत गेलो.
फेब्रुवारीत लाल सहा, पिवळे सहा.
मार्चमध्ये लाल वाढले, पिवळे त्याहून जास्त.
एप्रिलचा काठ तर हळदीत बुडवल्यासारखा,
राखाडी ओळींनासुद्धा पिवळा टाका.

"या दिवशी दुखत नव्हतं ना?"
"नव्हतं."
"मग?"
"दुखेल म्हणून."

अर्धशिशीने शिशीतच घर केलं होतं.
जी गोळी डोकं उतरवायची
तीच आता दुसऱ्या दिवशी उठवत होती.
हे तिला सांगायला मला फार वेळ लागला.
जणू तिच्या एकुलत्या मैत्रिणीची चहाडी करत होतो.

ही गोळी बंद. पूर्ण.
रात्री एक दुसरी घ्या, रक्तदाबाची आहे.
तुमचा रक्तदाब चांगलाय, पण हिला दोन धंदे येतात.
गुण यायला महिने लागतील.
पहिले दोन आठवडे वाईट जातील.
"किती वाईट?"
मी खिडकीबाहेर पाहिलं. नेमका मे.

पाचव्या रात्री अर्विदचा फोन आला.
रात्र म्हणजे दोन वाजले होते आणि ऊन होतं.
"न्हाणीघरात फरशीवर पडलीय,
अंधार म्हणून घरात तेवढाच आहे.
एकच देऊ का, डॉक्टर? एकच?"
माझ्या तोंडात 'द्या' आलं होतं.

गेलो. उलटी थांबायचं इंजेक्शन दिलं,
आणि दाराबाहेर अर्विदशेजारी बसून राहिलो.
बऱ्याच वेळाने आतून आवाज आला,
टक्, टक्,
सुयांचा.
काळोखात ती ओळ पुरी करत होती.
रंग कसा कळला, मी नंतर विचारलं.
म्हणाली, लाल गोळाच तेवढा आत नेला होता.

ऑक्टोबरात मफलर पुन्हा टेबलावर आला.
महिन्याला लाल चार, कधी पाच.
पिवळे त्याहून कमी.
आता ठणका लागला की लगेच नवी गोळी,
आठवड्यात दोन दिवसांच्या वर नाही,
हे ती मलाच समजावून सांगत होती.
बरी झालात असं मी म्हणालो नाही.
तिनेही विचारलं नाही.

"इथे रंग बदललाय," मी म्हणालो.
"राखाडी लोकर संपली. एवढी लागेल वाटलं नव्हतं.
दुकानात तोच रंग मिळाला नाही,
हा जरा निळसर आहे."

विद्यार्थ्यांना दाखवायला ठेवून घेऊ का, मी विचारलं.
तिने माझ्याकडे पाहिलं, मग बाहेरच्या वाऱ्याकडे.
"थंडी आहे हो," म्हणाली,
आणि सगळं वर्ष गळ्याभोवती गुंडाळून
कामावर गेली.