खुंटी

डॉक्टर मगदूमबाईंनी मला टेबलावर पालथं झोपवलं,
गुडघा दुमडला, पाऊल बाहेर कलवलं,
कंपासपेटीतून आल्यासारखा एक कोनमापक लावला
आणि म्हणाल्या, अठरा.
किती हवेत?
पस्तीस तरी.
पतसंस्थेच्या खुर्चीत एकोणीस वर्षं
मी लोकांच्या ठेवी मोजल्या.
माझी ही ठेव कुणी कधी काढून नेली
कळलंच नाही.

दुखत होतं कोपर.
त्या बघत होत्या खुबा.

रविवारी आम्ही पाच-सहा जण
दंडोबाच्या डोंगरावर चकत्या फेकतो,
झाडाझाडांतून, वाऱ्याचा अंदाज घेत,
सायकलच्या जुन्या साखळ्या लोंबणाऱ्या टोपलीत.
रियाजनं ती वेल्डिंग करून आणली.
चकती आत शिरली की खळ्ळकन वाजते,
माकडं दचकतात.
माझ्या चकतीला माकडं भीत नाहीत.
साठ पावलांवर ती मान टाकते,
डावीकडे, निर्गुडीत.

जोर लाव, म्हणतात सगळे.
जोर लावतो.
दंड फुगतो, दात आवळतात,
निर्गुडी आणखी जवळ येते.

रियाजचे वडील दस्तगीरचाचा
मिरजेत तंबोरे करतात.
वय चौऱ्याहत्तर. एक पाय पुढून दुमडलेला,
दुसरा मागे मुडपलेला,
मध्ये भोपळा, जसं मांडीवर नातवंड.
चाचा, कंबर नाही दुखत?
तिला वेळ कुठाय, म्हणाले.

त्या दिवशी एक खुंटी अडकली होती.
दमट हवा. लाकूड फुगलेलं.
गिऱ्हाइकानं पक्कड लावून तार ओढली होती,
तार तुटली, वर तक्रार.
चाचांनी खुंटी उपसली,
तिच्या अंगाला खडू चोळला,
परत बसवली, हळूच पिळली.
तार ओढायची नसते, म्हणाले,
खुंटी फिरली की तार आपसूक ताणते.
ते माझ्याशी बोलत नव्हते.
मी चहाचा कप खाली ठेवला.

मग रात्री, जेवणं झाल्यावर, चटईवर
एक पाय पुढे, एक मागे.
जयमाला मला ओलांडून भांडी नेते,
खेकडा उलटा पडलाय म्हणते.
पोरगा मोबाइलवर सेकंद मोजतो,
मुद्दाम हळू मोजतो.
पहिला महिना नुसता कळांचा.
दुसऱ्यात खुब्यात आत कुठेतरी
खडू लागल्यासारखं वाटलं.
तिसऱ्यात मगदूमबाई म्हणाल्या, सव्वीस,
आणि स्वतःच परत एकदा मोजलं.

टोपलीकडे पाठ करायची असते.
जिकडे पोचायचं तिकडे आधी पाठ,
हेच किती दिवस पचलं नव्हतं.
उजवा पाय रोवला.
हाताला म्हटलं, तू गप राहा.
खुबा वळला, त्याच्यामागून छाती,
मग खांदा, मग कोपर, तेही न कुरकुरता,
आणि मनगटाला तर बातमी सगळ्यात शेवटी कळली.

चकती टोपलीवरून गेली.
करंजावर आपटली, साल निघाली,
उताराला कुठे गडगडली देव जाणे.
अर्धा तास शोधली. नाही मिळाली.
रियाजनं करंजापर्यंत पावलं मोजली, ब्याऐंशी.
पुढचं धरायचं का, यावर खाली मिरजेपर्यंत भांडण.

सोमवारी पुन्हा खुर्ची.
आता तासातासाला उठतो,
दप्तराच्या कपाटाआड एक पाय आत, एक बाहेर.
शिपाई सदामते डोकावतो,
साहेब, काही हरवलंय का?
हो, म्हणतो.
नऊ अंश. आणि एक निळी चकती.